खऱ्यासारखे आकडे

आलेखाच्या कागदावर सात ठिपके होते. कडक पेन्सिलीच्या तासलेल्या टोकाने दिलेले, प्रत्येकाभोवती एक बारीक वर्तुळ, आणि सातही ठिपक्यांतून गेलेली एक उतरती, वळणदार रेघ. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. रेघ ठिपक्यांच्या जवळून जात नव्हती, त्यांच्या मधोमध जात होती. एकही ठिपका वर नव्हता, एकही खाली नव्हता. शेजारच्या समासात माझ्या भावाच्या चौकोनी अक्षरात सात आकडे एकाखाली एक होते: ४१२, ३३०, २६४, २११, १६९, १३५, १०८. दुसऱ्यापासून पुढे प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागून भागाकार लिहिला होता. ०.८०. त्याच्याखाली ०.८०. असे सहा वेळा. शेवटच्या भागाकाराखाली पट्टीने एक आडवी रेघ ओढलेली होती आणि तिच्याखाली काहीही नव्हतं.

"फाइल मिळाली का गं?" भावाने नहाणीघरातून ओरडून विचारलं.

"मिळाली," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला. गेले पंधरा आठवडे माझा आवाज नेहमीसारखाच निघतोय, आणि त्याचाच मला आता संताप येतो. घसा बसावा, शब्द अडखळावा, काहीतरी व्हावं, पण नाही. फाइल टेबलाच्या दुसऱ्या खणात असेल असं त्याने सांगितलं होतं. ती पहिल्या खणात होती, आणि तिच्याखाली हा कागद. चार वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं, नव्या औषधासाठी संमतीच्या कागदावर सही करायला. मी फाइल काढून घेतली, कागद होता तसा ठेवला, आणि खण लोटला. मग पुन्हा उघडून कागदाची कड खणाच्या कडेला समांतर केली, कारण तो तशी ठेवतो.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. एकोणतीस वर्षं. रिपोर्टच्या तळाशी उजवीकडे जी सही असते ती माझी. भावाच्या रक्तातल्या ज्या एका घटकावरून त्याचा कॅन्सर वाढतोय की ओसरतोय ते कळतं, तो दर तीन आठवड्यांनी आमच्याकडेच मोजला जातो. खरा आकडा संगणकावरून डॉक्टरांकडे जातो. घरी येतो तो कागद मी छापते. त्या सात आकड्यांपैकी पहिला खरा आहे. बाकीचे सहा मी तयार केले.

रोज सकाळी सात वाजता, पहिल्या पेशंटचं रक्त यंत्रात घालण्याआधी, आम्ही एक ठरलेला नमुना घालतो, ज्याचा आकडा आधीच माहीत असतो. येणारं उत्तर भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपक्याने मांडतो. महिन्याभराचे ठिपके मधल्या रेघेच्या थोडे वर, थोडे खाली विखुरलेले दिसायला हवेत. नव्या मुली आल्या की मी त्यांना तक्त्यासमोर उभं करते आणि सांगते, ठिपके फार लांब गेले तर यंत्र बिघडलंय, आणि सगळे ठिपके रेघेवर बसले तर माणूस बिघडलाय. मुली हसतात. त्यातल्या एकीला मी खरोखरच काढून टाकलं होतं. नमुना न घालता दहा दिवस ती अंदाजाने ठिपके काढत होती, आणि दहाही ठिपके शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले होते. ती रडली, म्हणाली, "मॅडम, मला वाटलं चांगले यावेत." मी तिला ऐकवलं की आमचं काम चांगलं आणण्याचं नाही. किती तोऱ्यात ऐकवलं होतं! आणि मीच आकडे तयार करायला बसले तेव्हा काय केलं, तर दर खेपेला पाचवा हिस्सा कमी. कॅलक्युलेटरवर. औषध लागू पडलं की उतार साधारण असा असतो हे मला माहीत होतं, म्हणून खरा वाटावा असा उतार शोधला, आणि मग तो इमानाने पाळला. यंत्राची चूक त्यात मिसळायची राहिली. खोटं बोलतानाही मला चूक चालत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि फसवत कोणाला होते, तर याला. लहानपणापासून आम्ही त्याला इंच्या म्हणतो. हातात पट्टी घेऊन घरभर फिरायचा, आईची वेणी, बाबांच्या मिशा, शेजारच्यांच्या मांजराचं शेपूट. मांजराने ओरबाडलं तेव्हा त्याने ओरखडाही मोजला होता. पुढे तो मोजणीदार झाला. जमिनी मोजल्या, रस्ते मोजले, दोन कुंपणांच्या मधल्या हातभर जागेवरून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सख्ख्या भावांच्या मध्ये टेप धरून उभा राहिला. नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट तो जेवताना सांगायचा. त्याच्याकडे एका जुन्या सहकाऱ्याची मोजणीची वही तपासायला आली होती. "मोजत मोजत वळसा घालून परत पहिल्या खुंटीवर आलं ना ताई, की दोन-चार बोटांचा फरक निघतोच. ऊन असतं, टेप ताणला जातो, माणूस कंटाळतो. याच्या वहीत फरक शून्य! मी साहेबांना म्हटलं, हा गृहस्थ जागेवर गेलाच नाही. घरी पंख्याखाली बसून वही भरलीय." हे सांगताना तो इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा, आणि आई म्हणायची, "हस नाहीतर जेव, एक काय ते कर."

म्हणजे त्याला कळलं होतं. कधीपासून, तेही कागदावर होतं. पहिले तीन भागाकार एका दमात लिहिलेले, एकाच पेन्सिलीचे. चौथ्याचं टोक बोथट होतं, पाचव्याचं पुन्हा तासलेलं, सहाव्याची शाई, नाही, शिसं, थोडं जास्त काळं. चौथा रिपोर्ट आल्यावर त्याला शंका आली, आणि त्यानंतर दर तीन आठवड्यांनी तो एक भागाकार वाढवत गेला. नऊ आठवडे. या नऊ आठवड्यांत तीन वेळा त्याने मला फोन करून विचारलं होतं, "आज किती?" मी आकडा सांगितला होता, आणि तो म्हणाला होता, "वा!" नुसतं वा नाही. शेवटच्या वेळी म्हणाला होता, "वा! आमची ताई म्हणजे पायगुणाची." ते आठवून माझे कान तापले. तोंडात शब्द आले ते असे, की अरे, विचार ना. एकदा सरळ विचार. तुला भागाकार करता येतो आणि प्रश्न करता येत नाही?

भावजय स्वयंपाकघरात गोळ्यांचा डबा भरत होती. सात वारांचे सात खण, प्रत्येकात सकाळ-दुपार-रात्र. मी दाराशी उभी राहिले.

"त्याने आलेख काढलाय," मी म्हणाले.

"त्यांना हाताला काहीतरी लागतंच. परवा पलंगाची उंची मोजत होते."

"आकड्यांचा आलेख. मी दिलेल्या आकड्यांचा."

तिचा हात थांबला नाही. "मग? चांगलाच आला असेल."

"फार चांगला आलाय. तेच म्हणतेय मी. त्याला कळलंय."

"तुम्हाला म्हणाले ते तसं?"

"नाही."

"मग नाही कळलेलं." गुरुवारच्या खणाचं झाकण तिने अंगठ्याने दाबून बंद केलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुमचं एकदा सुरू झालं की थांबत नाही. आज चार वाजता सही होऊ द्या. उद्या दाखल होऊ द्या. मग बोला काय बोलायचंय ते."

"दाखल झाल्यावर? नळ्या लावल्यावर काय बोलू मी त्याच्याशी?"

"हळू बोला ना!"

"डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. विसात एक. विसांतल्या एकाला थोडा उपयोग होतो, तोही काही आठवड्यांचा. आणि निम्म्यांची अवस्था औषधानेच वाईट होते."

"एक आहे ना?" ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते, पापण्यांच्या कडा मात्र लाल. "शून्य नाही ना? तुम्हीच एकदा जेवताना सांगत होतात, शून्य वेगळं आणि एक वेगळं. मला कळत नव्हतं तेव्हा. आता चांगलं कळतं."

मला तिचा राग आला, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना. अठरा आठवडे उलट्यांसाठी भांडं घेऊन त्याच्या उशाशी ती बसते. तोंडातल्या जखमांना बोटाने मलम ती लावते. मी येते, आकडा ठेवते, जाते. पहिल्यांदा हे खोटं सुरू झालं तेव्हा फोन तिचाच होता. औषधाची पहिली फेरी झालेली, त्याला पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नव्हता, आणि मागून त्याचा घोगरा आवाज येत होता, किती उतरला विचार, किती उतरला. माझ्या समोर पडद्यावर आकडा होता, ३९८. चारशे बारा आणि तीनशे अठ्ठ्याण्णव यांत फरक नसतो, तेवढी चूक यंत्राचीच असते. एवढे हाल सोसून काहीही झालेलं नव्हतं. "सांगा ना ताई," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "तुमच्याच हातात आहे ना." एवढंच. एवढ्यावर मी म्हणाले, तीनशे तीस. तो आकडा माझ्या तोंडातून इतका सहज बाहेर पडला की क्षणभर मलाच तो पडद्यावर दिसल्यासारखा वाटला. मग कागद छापावा लागला, कारण त्याला कागद लागतो. आणि एकदा एक छापल्यावर दुसरा त्याच्याशी जुळता हवा. खऱ्या बाजूला आकडा पाचशेवर गेला, आठशेवर गेला, हजाराच्या पुढे गेला. मी पाचवा हिस्सा कमी करत राहिले. दोन वेगळ्या माणसांचे रिपोर्ट वाटावेत असे. कधी कधी वाटायचं, असेलही दुसरा एक माणूस कुठेतरी, याच नावाचा, जो बरा होतोय.

"काय कुजबुज चाललीय?" आई आतल्या खोलीतून आली. ती आता भिंतीला हात लावत चालते.

"काही नाही आई, गोळ्या भरतेय," भावजय म्हणाली. आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी हा खेळ मुलं नसूनही उत्तम चालतो.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला फार बघावं लागत नाही. "तू आज काही बोलणार नाहीस त्याला," ती म्हणाली. "हे बघ, सांगितलं की माणूस संपतो. तुझ्या बाबांचं काय झालं? त्या मेल्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. महिन्याभरात गेले. औषधाने नाही गेले, ऐकून गेले."

ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता आमच्या घराचा कायदा झाली आहे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि इंच्या बारा. बाबा गेले ते सांगितल्यापासून एकतिसाव्या दिवशी. भिंतीकडे तोंड केलं हे खरं, पण शेवटचे चार दिवस. आईला ते चार आठवतात. मला आधीचे सत्तावीस आठवतात. बाबांनी घरातल्या सगळ्या किल्ल्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या होत्या आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापून, दोरा ओवून, एकेकीवर चिठ्ठी बांधायला घेतली होती. इंच्या पुठ्ठे कापायचा, सगळे एकाच मापाचे, आणि बाबा लिहायचे. मागच्या दाराची, उजवीकडे दोनदा. कपाटाची, जरा वर उचलून. एक किल्ली कशाचीच लागेना. सगळी कुलपं झाली, शेजाऱ्यांचीसुद्धा झाली. तेव्हा बाबांनी तिच्यावर लिहिलं, कशाची माहीत नाही, टाकू नये. आणि ते दोघं हसत बसले. मी अभ्यास करत होते आणि मला त्या हसण्याचा त्रास झाला होता, कारण मरणाऱ्या माणसाने हसू नये असं मला वाटायचं. आईला हे सांगावं असं कितीदा मनात येतं. पण ती म्हणेल, किल्ल्यांनी काय होतंय. आणि खरं म्हणजे एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, ना तिने, ना मी. तरी तिने काढला, आणि तो मी पंधरा आठवडे पाळला. मी, जी मुलींना कामावरून काढते.

"सही तर करायचीय नुसती," आई म्हणाली. "सही केली की तो बरा व्हायला लागलाय असं तरी वाटतं." कोणाला वाटतं हे तिने सांगितलं नाही.

भाऊ आंघोळ करून आला. शर्टाचं वरचं बटण लावलं होतं तरी गळ्याभोवती दोन बोटं जागा राहत होती. त्याने माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिलं, मग टेबलाच्या खणाकडे. "पहिल्या खणात होती का?" तो म्हणाला. "मी दुसऱ्यात म्हणालो होतो ना?"

"हो."

"वय झालं," तो म्हणाला, आणि बूट घालायला खाली बसला. बूट घालायला त्याला चार मिनिटं लागली. मी मोजली नाहीत, माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते मला दिसत होतं.

टॅक्सीत भावजय पुढे बसली, आम्ही दोघं मागे. रस्त्यात दोन ठिकाणी खोदकाम होतं. एका चौकात तिपाईवर दुर्बीण लावून एक तरुण माणूस उभा होता आणि पलीकडे कोणीतरी पट्ट्यापट्ट्यांची काठी धरलेली. भावाने काच खाली केली. "काठी तिरकी धरलीय लेका," तो हळूच म्हणाला. काठीवाल्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. टॅक्सी हलली तरी तो मान वळवून पाहत राहिला. "ताई, ती टेकडी आठवते? माझं पहिलं काम."

आठवत होती. वर मोजणीचा एक दगडी खांब आहे, त्याच्यावरून चार दिशांना दिसतं, आणि त्याच्या पायथ्याशी त्याने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात खिळ्याने तारीख कोरली होती. नियमात बसत नाही म्हणून कोणाला सांगितली नव्हती, फक्त मला. आजार कळला तेव्हा तो म्हणाला होता, एकदा जाऊन येऊ, तारीख आहे का पाहून येऊ. चढ दीड तासाचा. तेव्हा जाता आलं असतं. दुसऱ्या फेरीनंतरही गेलो असतो, थांबत थांबत. पण प्रत्येक वेळी तोच म्हणायचा, उतरतोय ना आकडा, मग घाई कशाला, सगळं आटपलं की ठणठणीत होऊन जाऊ. घाई कशाला! हे दोन शब्द माझ्या आकड्यांनी त्याच्या तोंडात घातले होते. मी एका माणसाचा उन्हाळा असा खाल्ला, पाचवा-पाचवा हिस्सा करून. पण चौथ्या रिपोर्टनंतरही तो हे म्हणत होता. तेव्हा कोणासाठी म्हणत होता?

"तुला मला काही विचारायचंय का?" मी म्हणाले. पुढच्या सीटवर भावजयीची मान ताठ झाली.

त्याने काच वर केली. "विचारलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं गं," तो म्हणाला. "आणि समोरच्याच्या सहीला किंमत असते. नोकरी असते." मग लगेच, नेहमीच्या आवाजात, पुढे झुकून, "ड्रायव्हरसाहेब, डावीकडून घ्या, उजवीकडे पाइप उघडे पडलेत." ड्रायव्हर म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?" तो म्हणाला, "सकाळपासून याच रस्त्याच्या विचारात आहे."

मी खिडकीतून पाहू लागले. माझा राग आता सगळ्यांवर होता. भावजयीवर, आईवर, गेलेल्या बाबांवर, त्या डॉक्टरांवर. डॉक्टरांनी आम्हा दोघींना मागच्या आठवड्यात बाहेर बोलावून विसात एक सांगितलं होतं, आणि मी जेव्हा म्हणाले की हे त्याला तुम्ही सांगाल का, तेव्हा पेन खिशाला लावत म्हणाले होते, "पेशंटला किती सांगायचं ते घरच्यांनी ठरवावं, आम्ही त्यात पडत नाही." त्यात पडत नाही! सही त्याची, शरीर त्याचं, आणि माहिती आमची. पण सगळ्यांत जास्त राग इंच्यावर होता. मला वाचवायला निघालेला. आईला बरं वाटावं म्हणून, बायकोला काहीतरी करत असल्यासारखं वाटावं म्हणून, बहिणीची नोकरी राहावी म्हणून हा माणूस एक महिनाभर नळ्या लावून घ्यायला तयार होता, आणि वर पाइप उघडे पडलेत म्हणून रस्ता सांगत होता. आम्ही त्याच्यासाठी खोटं बोलत होतो आणि तो आमच्यासाठी खोटं ऐकत होता. कोणालाच काही मिळत नव्हतं. नुसतं सगळं सुरळीत चाललं होतं.

दवाखान्यात आमच्या आधी तीन जण होते. प्रतीक्षेच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एकाने पाय हलवला की सगळ्यांना कळायचं. भावाचा पाय हलत नव्हता. माझा हलत होता. मी मनात वाक्यं तयार करत होते आणि प्रत्येक वाक्य कोणत्यातरी दुसऱ्या माणसाचं वाटत होतं. बोलले तर काय होईल ते मला पायरी-पायरीने माहीत होतं. डॉक्टरांना कळलं की त्यांना ते प्रयोगशाळेला कळवावंच लागेल. आमच्याकडे बदललेल्या रिपोर्टसाठी वेगळी चौकशी असते. तिचा फॉर्मही मीच तयार केलाय, नऊ रकान्यांचा. आठवा रकाना, बदलाचे कारण. त्यात मी काय लिहिणार होते? चांगले यावेत असं वाटलं? आई माझ्याशी किती दिवस बोलणार नाही याचाही मी अंदाज बांधला आणि तो कितीही लहान धरला तरी तिच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा मोठा निघाला. भावजय मान खाली घालून पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवून "नका" म्हणाली. ती वाईट नाही. मला जर कोणी म्हणालं असतं की तू बोलू नकोस, तो चार दिवस जास्त जगेल, तर मीही गप्प बसले असते. पण कोणी म्हणत नव्हतं. विसात एक म्हणत होते.

आत डॉक्टरांनी हसून बसायला सांगितलं. टेबलावर संमतीचा फॉर्म आधीच उघडून ठेवला होता, चार पानांचा, बारीक अक्षराचा, आणि सहीच्या तीन जागी पिवळ्या चिकटपट्ट्या. "इथे, इथे आणि इथे," ते म्हणाले. "नवं औषध आहे, जरा जोरदार आहे, पण आपण आता सगळं लावून बघूया, काय?"

"वाचू का?" भावाने विचारलं.

"वाचा की. अगदी नेहमीचंच असतं."

तो वाचू लागला. त्याने पानाच्या कडेवर नखाने खुणा करत चारही पानं वाचली. डॉक्टरांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा फोन उलटा ठेवला. मग तिसऱ्या पानावर परत येऊन भाऊ थांबला. "कलम चौथं," तो म्हणाला. "रुग्णास आजाराच्या सद्यःस्थितीची पूर्ण कल्पना देण्यात आलेली आहे. याच्याखाली माझी सही?"

"हो हो. ते छापीलच असतं."

"छापील आहे ते दिसतंय. मोजणीच्या कागदावरसुद्धा छापील असतं, समक्ष जागेवर जाऊन पाहिले. म्हणून विचारलं."

डॉक्टरांनी भावजयीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं हसू तसंच होतं, फक्त जरा जुनं झालेलं. "तुमच्या ताईंमुळे तर तुम्हाला प्रत्येक आकडा माहीत असतो. इतकं कुठल्या पेशंटला माहीत असतं?"

"ते खरं," भाऊ म्हणाला. "ताई प्रत्येक आकडा देते." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. लहानपणी माझ्या हातून बाबांचा चष्मा फुटला होता आणि बाबांनी कोणी फोडला म्हणून विचारलं, तेव्हाही त्याची मान अशीच समोर होती. तेव्हा मार त्याने खाल्ला आणि मी उभी राहिले. त्यानंतर आम्ही त्याबद्दल कधीही बोललो नाही. त्याने पेनचं टोपण काढलं, ते पेनच्या मागच्या टोकाला लावलं, आणि पिवळ्या पट्टीवर डावा अंगठा ठेवून कागद सरळ केला. खोलीत वातानुकूलन यंत्राचा एकच सूर होता आणि त्यात मध्येच एक खर्र. मला वाटलं, आता त्याचं पहिलं अक्षर उमटेल, मग दुसरं, आणि मग मी आयुष्यभर अगदी नेहमीच्या आवाजात बोलत राहीन.

"इंच्या, पेन ठेव," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. तो फाटला, आणि मी तो फाटू दिला. "कलम चौथं खोटं आहे."

"ताई!" भावजय म्हणाली.

"डॉक्टर, तुम्हीही ऐका, तुम्हाला हे पुढे कळवावं लागेल. पहिला सोडून याच्या घरी गेलेले सगळे रिपोर्ट मी बदललेत." भाऊ आता माझ्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, एवढंच मला दिसलं, बाकी काही मी पाहू शकले नाही, म्हणून मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत बोलले. "एकशे आठ नाहीये. गेल्या सोमवारी तीन हजार एकशे चाळीस होता. एकदाही खरोखर उतरलेला नाही. हे औषध विसांतल्या एकाला लागू पडतं, आणि पडलं तरी काही आठवडे मिळतात, ते सगळे इथेच, या इमारतीत. नाही घेतलंस तर पाच-सहा आठवडे तुझे पाय तुझं ऐकतील. त्यानंतर नाही. सही करायची तर कर, मी अडवणार नाही. पण हे माहीत असून कर."